अंगठ्याने लावलेली निळी

आमचा विनू, माझा धाकटा भाऊ, विद्यापीठात प्रोफेसर झाला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी तो ज्यूटच्या गिरणीत इंजिनियर होता हे थोड्यांना माहीत आहे. गिरणी का सोडली असं कुणी विचारलं की तो हसायचा आणि भलतंच काही बोलायला लागायचा. मग लोकांनीच कारण तयार केलं. विद्येची ओढ, संशोधनाची आवड, वगैरे. त्याच्या सत्काराला एका बाईंनी हेच भाषणात सांगितलं आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. शेजारी कुसुम, माझी बायको, बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिली. आता ती गेली, त्याला चार महिने झाले. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून वही घेऊन बसतो. माझं शिक्षण सातवी नापास. लिहिताना चुका होतील, त्या होऊ देत. मी जी चूक केली तिच्यापुढे ऱ्हस्व-दीर्घाचं काय घेऊन बसायचं.

आम्ही तेव्हा बागबाजारात राहायचो. आमचे वडील, अण्णा, सरकारी नोकरीत बदलून कलकत्त्याला आले आणि तिथेच वारले. मागे आई, मी आणि विनू. मराठ्यांना, तिकडच्या बोलीत बर्गींना, शहराबाहेर ठेवायचं म्हणून पूर्वी बागबाजारापासूनच खंदक खणायला घेतला होता म्हणे. घरमालकीण माशीमा त्यावरून आईला चिडवायच्या, "बर्गींना अडवायला एवढा खंदक खणला, आणि तुम्ही येऊन माझ्याच स्वयंपाकघराला लागून चूल मांडलीत!" आईला बंगाली फारसं कळायचं नाही, पण आपल्याला काहीतरी म्हटलं एवढं कळायचं, आणि ती पदर नाकाला लावून आत जायची. पदर माशीमांच्या मासळीमुळे. सकाळी त्यांच्याकडे मोहरीचं तेल तापलं की आमच्या दोन्ही खोल्यांत डोळे चुरचुरायचे. कुसुम लग्न होऊन साताऱ्याहून आली ती पहिले आठ दिवस रडली, आणि वर्षभरात माशीमांच्या पाट्याशी बसून त्यांच्याशी बंगालीत गप्पा मारायला लागली. आमच्या घरात सगळ्यांत चांगलं बंगाली तिचं. पुण्याकडून कुणी येणार असलं की गोडा मसाला आणि आमसुलं मागवायची, आणि ती संपत आली की आमटी पातळ व्हायची. नदीवरच्या स्टीमरचा भोंगा, माशीमांचा शंख आणि आईच्या पोळपाटाचा ठकठक आवाज, ह्यावर आमची सकाळ चालायची. ट्रामच्या घंटेला आम्ही दोघे भाऊ डबे घेऊन बाहेर पडायचो.

दोन डबे अगदी सारखे. कुसुम झाकणावर सुद्धा खूण करायची नाही. म्हणायची, "आत एकच आहे, कुणीही कुठलाही न्या." सियालदहला उतरलो की गाड्यांतून माणसांचे लोंढे शहरात यायचे आणि आम्ही दोघे उलटे, रिकाम्या गाडीत चढून बराकपूरच्या बाजूला निघायचो. गाडीत तो माझा विनू. खिडकीशी बसायचा, मला शेंगदाण्याची पुडी द्यायचा, कधी खांद्यावर मान टाकून झोपायचा. गिरणीच्या फाटकातून आत गेलो की तो धाकटा इंजिनियर साहेब आणि मी फिटर. तो आपला डबा ऑफिसात खायचा, मी माझा इंजिनघरामागे निंबाखाली. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणायचो. त्याला ते आवडायचं नाही, कान लाल व्हायचे. मला मात्र त्याचे कान लाल झालेले बघायला आवडायचं, हे आज लिहायला हवं. मी पंधराव्या वर्षापासून त्या गिरणीत घासत होतो. आई येईल-जाईल त्याला सांगायची, "मोठ्याने धाकट्याला शिकवलं." मी ते कधी खोडलं नाही. विनू शिकला स्कॉलरशिपवर. मी फक्त सातवीत नापास झालो.

आता ही निळीची गोष्ट नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठ्या इंजिनाचा दांडा ज्याच्यावर फिरतो ते बेअरिंग, त्याच्या आत मऊ धातूचं अस्तर असतं. ते झिजलं की नवं ओतायचं आणि फिटरने हाताने खरवडून दांड्याला बरोबर बसवायचं. ते बसलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दांड्याला निळी लावायची, अगदी पातळ, तेलात कालवलेली. दांडा बेअरिंगवर टेकवायचा, थोडा फिरवायचा, चेनपुलीने पुन्हा उचलायचा. जिथे दांडा टेकला तिथे निळे ठिपके उठतात. तेवढेच ठिपके खरवडायचे. पुन्हा निळी, पुन्हा दांडा, पुन्हा खरवडणं. सगळीकडे सारखे ठिपके उठले की काम झालं. मग इंजिनियर येतो, कापडाने सगळं पुसतो, आपल्यासमोर निळी लावून दांडा फिरवायला सांगतो आणि स्वतः बघतो. बघून सही करतो. नियम असा होता, आणि तो कुणी उगीच केलेला नव्हता.

भाद्रपदात विश्वकर्म्याची पूजा असते. बंगालात कारखानेवाल्यांचा तो मोठा सण. त्या दिवशी यंत्र बंद, आणि हत्याराला कुणी हात लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं पुसून, तेल लावून देवापुढे मांडायची, ती दुसऱ्या दिवशी पूजा होईपर्यंत तिथेच. त्या वर्षी पूजेच्या सुट्टीला जोडून मोठ्या इंजिनाचं बेअरिंग करायचं काढलं. बडोमिस्त्री, म्हणजे फिटरांचा मुख्य, मला म्हणाला, बरोबर एक माणूस घे. मी म्हटलं, नको, एकट्याने करतो. सगळ्यांसमोर म्हटलं. साहेबाचा भाऊ म्हणून मला हलकं काम मिळतं असं काहीजण बोलायचे, त्यांना दाखवायचं होतं.

पूजेच्या आदल्या दिवशी उन्हं कलली तरी बेअरिंगची एकच बाजू टेकत होती. दुसरीकडे निळी उठतच नव्हती. अजून चार तासांचं काम. बाहेर मांडवात ढाकवाले, म्हणजे तिकडचे ढोलवाले, येऊन हात मोकळे करत होते. एकेकजण आपली हत्यारं देवापुढे ठेवून हात धुवायला चालला होता. बडोमिस्त्री दारात आला आणि म्हणाला, "की गो मराठी, होलो? नाकि भायाके डाकबो?" झालं का, की भावाला बोलावू? आणि मागचे दोघे हसले. तो ते विसरूनही गेला असेल. मी विसरलो नाही. तो गेल्यावर मी निळीच्या डबीत अंगठा बुडवला, आणि जिथे ठिपके उठत नव्हते तिथे अंगठ्याने ठिपके लावले. एक, दोन, पाच, पंधरा. छान सारखे. मग माझा स्क्रेपर, खरवडायचं हत्यार, पुसला, त्याला तेल लावलं आणि देवापुढे नेऊन ठेवला. हात जोडले. देवाला नमस्कार करताना मला काहीच वाटलं नाही, हे मला आज सगळ्यांत वाईट वाटतं.

विनू आला. धुतलेला शर्ट, हातात टॉर्च. इंजिनघरात आम्ही दोघे आणि एका कोपऱ्यात हरेनबाबू, इंजिनाला तेल घालणारा म्हातारा, आपल्या झाऱ्या चकचकीत घासत बसलेला. विनूने विचारलं, "दादा, झालं?" मी म्हटलं, "झालं." तो वाकला. टॉर्च लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकदा पुसून माझ्यासमोर फिरवू या का? नियम आहे म्हणून."

मी म्हटलं, "स्क्रेपर देवापुढे गेला. आता परत आणू?"

"नुसतं फिरवून बघू. खरवडायचं नाही."

"विनू," मी म्हटलं. साहेब म्हटलं नाही. "माझ्या ताटात जेवून मोठा झालास आणि आता इथे माझी परीक्षा घेणार? त्या म्हाताऱ्यासमोर?"

हरेनबाबूंना मराठी कळत नव्हतं. ते झारी घासत होते. विनूचे कान लाल झाले. त्याने वहीत सही केली, टॉर्च विझवली आणि म्हणाला, "चल, गाडी चुकेल." मला हायसं वाटलं. हायसंच वाटलं, दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बागबाजाराच्या गच्च्यांवर पतंग. विश्वकर्म्याच्या दिवशी तिथे पतंग उडवतात. माशीमांचे भाचे जिन्यावरून हाका मारत होते, "बीनूदा, एसो ना!" विनू गेला नाही. दरवर्षी सगळ्यांच्या आधी गच्चीवर असायचा. मला वाटलं, साहेब झाला आता. जेवताना कुसुमने वरण वाढलं, त्यावर तुपाची धार सोडली, आणि तो भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "दादा, उद्या तासभर आधी जाऊ या का?"

"कशाला?"

"असंच."

"असंच काय? एवढ्या पहाटे कुसुमने उठून डबे करायचे?"

कुसुम म्हणाली, "करीन की. त्यात काय." मी तिला गप्प बस म्हटलं. आम्ही रोजच्या गाडीनेच गेलो.

इंजिन सुरू झालं तेव्हा हार अजून त्याच्या अंगावर होते. पहिला अर्धा तास काही नाही. मग जळक्या तेलाचा वास आला. हरेनबाबूंनी बेअरिंगला पालथ्या हाताने स्पर्श केला, तेल घालणारे असंच ताप बघतात, आणि हात झटकन मागे घेतला. "गरम! भीषण गरम!" असं ओरडले आणि झारी उचलून सगळं तेल त्यावर ओतायला धावले. मी पाच हातांवर उभा होतो. मला माहीत होतं आत काय चाललंय. मऊ धातू वितळून वाहायला लागला होता. ओतू नका, मागे व्हा, एवढं ओरडायचं होतं. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही, कारण ओरडलो तर मला आधीपासून माहीत होतं हे कळलं असतं. हे एवढ्या वेगाने माणसाच्या डोक्यात येतं. तेल पडलं आणि भडका उडाला. हरेनबाबूंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो पुढे कधी मिटला नाही. बोटं तशीच अर्धी वाकलेली राहिली.

मोठ्या इंजिनियर साहेबाने, तो गोरा होता, आम्हाला ऑफिसात उभं केलं. विनूला इंग्रजीत विचारलं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण विनूने सांगितलं ते त्याच्या तोंडावरून कळलं. त्याने माझ्याकडे एकदाही बोट केलं नाही. मग साहेब माझ्याकडे वळून मोडक्या हिंदीत म्हणाला, "टुम बोलो. ब्लू ठीक था?" त्या क्षणी नुसता गप्प राहिलो असतो तरी थोडा माणूस राहिलो असतो. मी म्हटलं, "ठीक था, साहेब. छोटा साहेब ने देखके पास किया."

विनूने माझ्याकडे पाहिलं नाही. आठवड्याच्या आत तो गिरणीतून गेला. घरी आईला त्याने एवढंच सांगितलं की माझ्या हातून चूक झाली. आई म्हणाली, "भांडला असशील. जास्त शिकलं की वरच्यांशी पटत नाही." आणि मी, मी म्हटलं, "जाऊ दे आई, लहान आहे अजून." मी त्याला पदरात घेतलं! कुसुम चुलीशी बसली होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि परत पोळी लाटायला लागली. त्या दिवशी अंथरूण घालताना तिने विचारलं, "तुमच्याकडून काही राहिलं होतं का हो?" मी म्हटलं, "काय राहणार?" तिने पुन्हा विचारलं नाही.

विनूला एका लहान गावातल्या कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. तिथून पुढे विद्यापीठात. त्याचे विद्यार्थी मला भेटले आहेत. ते हसत हसत सांगायचे, सर फार संशयी. प्रयोगाची वही समोर ठेवली तर सही करायचे नाहीत. म्हणायचे, पुसा, आता माझ्यासमोर पुन्हा करा. मुलं रडकुंडीला यायची. एकाने विचारलं म्हणे, सर, आमच्यावर विश्वास नाही का? तर विनू म्हणाला, "तुमच्यावर आहे. माझ्यावर नाही." हे त्या मुलाने मला विनोद म्हणून सांगितलं. मीही हसलो. मला वाटायचं, माझ्यामुळे तो असा झाला, मी फसवलं म्हणून. इतकी वर्षं मला असंच वाटत होतं.

दुर्गापूजेनंतर विजयाला बंगाली लोक एकमेकांकडे मिठाई घेऊन जातात. कुसुम दरवर्षी करंज्या करून हरेनबाबूंकडे न्यायची, बराकपूरला. मी बरोबर जायचो, पण तळ्याशेजारी चहाच्या दुकानात थांबायचो. ती विचारायची, "येता?" मी म्हणायचो, "तू जाऊन ये." हरेनबाबू वारले तरी ती त्यांच्या मुलाकडे जात राहिली, पायात बळ होतं तोवर. आत काय बोलणं व्हायचं ते मी कधी विचारलं नाही. शेवटच्या आजारात, एका दुपारी मी तिला संत्र्याचा रस पाजत होतो, तेव्हा तिने आपणहून सांगितलं. "हरेनबाबू दरवर्षी एकच म्हणायचे. 'आमार दोष, बौमा. तेल कम दियेछिलाम. आमार जन्ये छोटो साहेबेर चाकरी गेलो.'" माझाच दोष, तेल मीच कमी घातलं, माझ्यापायी छोट्या साहेबांची नोकरी गेली. "ते डाव्या हाताने करंजी खायचे आणि हे म्हणायचे. मी काय बोलणार? मला कुणी काही सांगितलंच नव्हतं." ती चिडली नव्हती. थकली होती. मी म्हटलं, "कुसुम, ते निळीचं..." ती म्हणाली, "मला नका सांगू आता. मी काय करू त्याचं?" आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर ती आठ दिवस होती. त्या आठ दिवसांत आम्ही औषधाच्या वेळांपलीकडे फारसं बोललो नाही.

तेराव्याला विनू आला. काठी घेऊन, कानात यंत्र घालून. माणसं गेल्यावर आम्ही दोघेच राहिलो. मी त्याला मोठ्याने सांगितलं, कारण हळू सांगितलेलं त्याला ऐकू येत नाही. आयुष्यभर जे कुजबुजलोही नाही ते ओरडून सांगावं लागलं. "विनू, ते ठिपके खरे नव्हते. मी अंगठ्याने लावले होते."

तो म्हणाला, "माहीत आहे."

"कुसुमने सांगितलं?"

"वहिनी कशाला सांगेल. मी टॉर्च लावली तेव्हाच दिसलं. खरा ठिपका मधे चकाकतो, दाबाने निळी बाजूला जाते. तुझ्या ठिपक्यांत अंगठ्याच्या रेषा होत्या, दादा. ठसे घेतल्यासारख्या."

मी विचारलं, "मग सही का केलीस?"

"तू रागावलास म्हणून," तो म्हणाला. ऐंशीच्या घरातला माणूस, नातवंडं असलेला, हे लहान मुलासारखं बोलला. "वाटलं, सकाळी लवकर जाऊन गुपचूप उघडू. तू म्हणालास, कशाला. मग तेही धैर्य झालं नाही. लोकांना वाटतं मी शिकवायला गेलो. मी पळून गेलो, दादा. सही करायच्या लायकीचा नव्हतो." मग म्हणाला, "हरेनबाबूंना हे कधी कुणी सांगितलं होतं?"

मी त्याला कुसुमने सांगितलेलं सांगितलं. तेलाचं. त्याने कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. पुढे मी बोललो असतो तरी त्याला ऐकू आलं नसतं. आम्ही दोघे भाऊ इतकी वर्षं एकमेकांना सांभाळत बसलो होतो, आणि तो म्हातारा आमचं पाप आपलं समजून मेला. मग यंत्र परत कानात घालून विनूने विचारलं, "मुलगा आहे ना त्यांचा? पत्ता काय?"

पत्ता मला ठाऊक नाही. घर कुसुमला माहीत होतं. मुलाचं नावही मला माहीत नाही. तळ्याशेजारच्या चहाच्या दुकानात विचारता येईल, पण मी अजून गेलेलो नाही. विनू परत गेल्यावर मी तिच्या पेटीतले सगळे कागद पाहिले, काही नाही. आणि आता हे लिहून काढलं, तेही मराठीत. उद्या ही वही त्या मुलाच्या हातात पडली तरी त्याला एक ओळ वाचता येणार नाही. ते माझ्या पहिल्या पानापासून ध्यानात होतं, आणि तरी मी बंगालीत कुणाला लिहून द्यायला सांगितलं नाही.